चौकट

नकाशा झाला. म्हणजे आतलं सगळं झालं:
नाले, बांध, सागाची जुनी हद्द,
निंबारपाड्याची एकोणीस घरं.
नाही, वीस. भावलालने लग्नानंतर वेगळं मांडलंय.
आता फक्त सजावट राहिली, सर फोनवर म्हणाले.
चोपड्यात, झेरॉक्सच्या दुकानावरची खोली,
रात्रीचे पावणेबारा.
उद्या अकराला अमळनेर, प्रांत ऑफिस,
तीन रंगीत प्रती.

बाण आधी घेतला, सोपा म्हणून.
सॉफ्टवेअरकडे बावन्न उत्तरबाण आहेत,
एक तर इतका नक्षीदार,
जणू आपलं जहाज निघालंय बंदरातून.
खाली तापीकाठी उत्तर कुणी पाठ करत नाही.
धाब्यावर चढलं की ती समोर आडवी असते, निळी,
पहाटे जवळ, दुपारी धुरकट.
पण निंबारपाडा सातपुड्याच्या पोटातच.
तिथे उत्तर कुठे विचारलं, तर रेहमलदादा म्हणाला,
"आमच्यात वर नि खाली, एवढंच.
खाली बाजार. वर देव."
मग बिडी विझवून,
"फॉरेस्टवाले दोन्हीकडून येतात."
मी साधा काळा बाण लावला. उजवा कोपरा.

मापपट्टी बसेना.
शून्य, दोनशे, चारशे मीटर.
चारशे मीटरची ती चढण मे महिन्यात चढलेय मी,
झुनाबाई पुढे, माझं जीपीएस
तान्ह्या पोरासारखं कडेवर घेऊन.
कागदावर ती नखाएवढी येते.
स्क्रीनला नख लावून पाहिलं.
करंगळीचं.

सूचीत आपोआप उमटलं: ठिपके_नवे_खरे_दोन.
माझंच पाप, एप्रिलमधलं.
खोडून लिहिलं: मोह.
एकशे चौदा झाडं, एक हिरवा ठिपका.
पाड्यावर त्यांना नावं आहेत,
आंधळा मोह, सासूचा मोह,
आणि एक नुसताच 'तो',
ज्याच्याखाली दोन भाऊ सात वर्षांनी बोलले.
सूचीला एवढा वेळ नसतो.

गाताच्या दगडांना चिन्हच मिळेना.
मेलेल्यांसाठी यादीत फक्त क्रूस.
शेवटी एक उभी रेघ काढली हातानेच,
वरून जरा कललेली, जशी ती तिथे आहे,
नाल्याच्या वळणावर, चार पिढ्यांपासून.
खात्याच्या नकाशावर त्या जागी
कोरं, फिकट हिरवं.
उद्या ही रेघच बोलणार.
रेघ जाड केली. पुन्हा थोडी जाड.

खालून घरमालकीण:
"आजून जागीच शे का व माय?
लाईटबिल कोन भरी?"
"झालंच, आक्का."
झालं नव्हतं. शीर्षक राहिलं होतं.

सामूहिक वनहक्क क्षेत्र, मौजे निंबारपाडा.
टाईप केलं आणि हक्क फुटला.
पहिला क पाय मोडून एकीकडे,
दुसरा क दुसरीकडे,
मध्ये बोटभर मोकळी जागा.
मी एकटीच हसले.
चार फॉन्ट बदलले, चारही वेळा तेच.
पाचव्यात जोडाक्षर टिकलं.
तो फॉन्ट लग्नपत्रिकेचा आहे. असू दे.

डाव्या कोपऱ्यात, स्रोत:
उपग्रह प्रतिमा, संस्थेचं नाव, दिनांक.
उपग्रह काही मे महिन्यात चालला नव्हता.
म्हणून खाली सहा पॉइंटात:
पायी मोजणी, रेहमल पावरा, झुनाबाई पावरा,
भावलाल, आणि शाळा बुडवून आलेली दोन पोरं,
त्यांची नावं फोन करून विचारावी लागतील,
आत्ता नाही, पहाटे,
टेकडीवर रेंज असते तेव्हा.
माझं नाव टाकलं.
काढलं. टाकलं.

मग पीडीएफ उघडून पाहिलं
आणि दिसलं, चौकटीने झरा कापलाय.
वरच्या कडेला, अर्धा निळा ठिपका आत,
अर्धा कागदाबाहेर.
उन्हाळ्यात सगळा पाडा पितो तो झरा.

चौकट एक सेंटीमीटर वर ओढली.
बाण हलला, पट्टी हलली,
सूची शीर्षकावर जाऊन बसली.
एक वाजून दहा.
मी परत बाणापासून सुरुवात केली.